अक्का, तो स्क्रू अजून शेगडीतच आहे

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, चंपाषष्ठी. सकाळी साडेनऊ. धारवाड, सप्तापूर, आमची गच्ची.

हजर: मी. आमचे श्रीकांत, कोळशांना वारा घालायला जुनी वही घेऊन. तुझा प्रसन्न, बेंगळुरूची रजा आठ दिवसांनी वाढवून. तुझ्या दुकानातला मल्लप्पा, तेलाची बुधली, छोटी हातोडी आणि करवतीचं पातं घेऊन. शिवाय अकरा जवारी वांगी, देठाला काटे असलेली.

वेळ साडेनऊची होती, पण पावणेदहापर्यंत कुणी कोळसे पेटवले नाहीत. शेवटी श्रीकांतच म्हणाले, "आपण कुणाची वाट बघतोय?" तू हुबळीहून कधी वेळेवर आली नाहीस, अक्का. पंधरा मिनिटं धरून चालायची सवय आम्हा सगळ्यांच्या अंगात मुरली आहे. तुझा तेरावा होऊन तीन दिवस झाले, तरी ती गेलेली नाही.

यंदा प्रसन्नला सण नाही. त्यामुळे नैवेद्य नाही, भंडारा नाही. पण चातुर्मासात सोडलेलं वांगं आजपासून खायला लागायचं, आणि ते गच्चीवर कोळशावरच भाजायचं, हा तू घातलेला पायंडा. मी विचार करत होते, करावं की न करावं. मल्लप्पा म्हणाला, "हब्ब ब्याड, बदनेकाई बेकु." सण नको, वांगं हवं. वाक्य त्याचं, पण धाटणी इतकी तुझी होती की प्रसन्न उठला आणि त्याने काडी ओढली.

शेगडीचं झाकण मात्र आम्हाला सांडशीने उचलावं लागलं. मूठ एका स्क्रूवर लोंबकळते आहे आणि तो स्क्रू ना आत जातो, ना बाहेर येतो. असं का झालं, ते श्रीकांत आणि प्रसन्नला माहीत नाही. मल्लप्पाला बहुधा माहीत आहे, पण तो तीस वर्षं तुझ्या हाताखाली होता, विचारल्याशिवाय बोलत नाही. मला माहीत आहे. तुला माहीत होतं. आपण दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही. ते बोलणं राहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

तुझ्या दुकानाचा नियम एकच होता. नमुना दाखवा, माल न्या. जुना स्क्रू तुटलेला असो, गंजलेला असो, वाकलेला असो, तो आणून तळहातावर ठेवा. तोंडी माप तू ऐकून घेत नव्हतीस, कागदावरचं तर नाहीच. "सँपल तगोंड बर्री," नमुना घेऊन या, एवढं म्हणून तू पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचीस. मी एकदा समोर असताना एक तरुण इंजिनिअर आला होता. त्याने फोन पुढे केला. "अक्का, फोटो आहे ना. मोठा करून बघा." तू चष्मा वर केलास, फोन हातात घेतलास, काचेवर अंगठ्याचं नख दोनदा फिरवलंस आणि परत दिलास.

"आटे लागत नाहीत रे नखाला. खरा आण."

तो पाय आपटत गेला. तासाभराने रुमालात गुंडाळून खरा स्क्रू घेऊन आला. तू त्याला टोमणा मारला नाहीस. त्या स्क्रूचे आटे, म्हणजे पिळाच्या बारीक खाचा, डाव्या अंगठ्याच्या नखावर ओढलेस, मान जराशी वाकडी करून, जणू तो काही सांगतो आहे, आणि मागे न बघता हात तिसऱ्या फळीवरच्या पेटीत घातलास. बरोबर तोच. वर त्याला विचारलंस, "चहा घेणार का, दोन हेलपाटे झाले तुझे."

ते डाव्या अंगठ्याचं नख तू कधीच पूर्ण कापलं नाहीस. त्या दिवशी तुझा हात हातात घेतला तेव्हा मला तेच लागलं. बाकीची नऊ नखं नीट कापलेली होती.

दाजी गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की दुकान आता विकायचं. पंधराव्या दिवशी मी जुन्या हुबळीला तुझ्याकडे आले, तर तू दुकानाच्या फरशीवर बसली होतीस आणि सगळ्या पेट्या उलट्या केलेल्या होत्या. नट, बोल्ट, वॉशर, स्क्रू यांचा गुडघ्याएवढा ढीग. मल्लप्पा दाराशी डोक्याला हात लावून उभा. मला वाटलं, दुःखाने तुझं डोकं फिरलं. तू म्हणालीस, "त्यांनी लावलेलं मला सापडत नाही, कुमू. मी लावीन ते मला सापडेल." नऊ दिवस तू तो ढीग निवडलास, तांदूळ निवडावेत तसा. दहाव्या दिवशी शटर वर गेलं. त्यानंतर त्या दुकानातून कुणी चुकीचा स्क्रू घेऊन गेला असं मी ऐकलं नाही. निदान परवापर्यंत तरी ऐकलं नव्हतं. त्यावर पुढे येते.

तुझ्या एकाही पेटीवर नाव नव्हतं. मला ते सहन व्हायचं नाही. मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते, माझ्या कपाटातल्या फायलींना रंग आहेत. एका दिवाळीला मी तुला दोनशे चाळीस लेबलं छापून आणली, प्लास्टिकमध्ये मढवून. तू फार कौतुक केलंस. पुढच्या खेपेला बघितलं, तर ती पेट्यांच्या तळाशी उलटी अंथरलेली. "फार छान आहेत गं," तू म्हणालीस. "तेल खाली झिरपत नाही आता."

आपलं खरं भांडण हेच होतं, नाही का? मी यादीची, तू नमुन्याची. तू मला यादीबाई म्हणायचीस. मी किराणा यादी करून आणते, प्रवासाला यादी करून निघते, डॉक्टरांपुढेही यादी काढून बसते. "यादीत काय असतं कुमू, तुला आधीच ठाऊक असलेलं असतं," तू म्हणायचीस. "वस्तू हातात घेतली की ठाऊक नसलेलं कळतं." मी म्हणायचे, तुला दुकानापुरतं ते ठीक आहे, आयुष्य असं चालत नाही. तू दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत एकटी राहू नयेस, धारवाडला आमच्याकडे यावंस, यासाठी मी अकरा मुद्दे लिहून, टाइप करून तुझ्या हातात दिले होते. महिन्याने विचारलं, वाचलंस का? तू जीभ चावलीस. कागद चांगला जाड होता, म्हणून तू त्याच्या पुड्या बांधल्या होत्यास. "मुद्दा क्रमांक चार कुणीतरी गदगला घेऊन गेलं बघ," म्हणालीस आणि इतकी हसलीस की मीही हसले. ते भांडण तसंच राहिलं. आता वाटतं, त्यात तूच बरोबर होतीस. ज्या माणसाला अंधारातसुद्धा तिसऱ्या फळीवर हात घालता येतो, त्याला त्या जागेवरून उठवायचं नसतं.

शिवणयंत्रवाली ती बाई आठवते? यंत्राच्या दोऱ्याच्या डबीतला तांदळाच्या कणीएवढा स्क्रू. दिवाळीचे दिवस, तिच्याकडे ब्लाउजांचा ढीग पडलेला, आणि तुझ्याकडे सात माणसं खोळंबलेली. तू सगळ्यांना थांबवून एका चपट्या डबीतून चिमट्याने एकेक कण उचलून नखावर ओढत बसलीस. पाऊण तास. मागून कुणीतरी ओरडलं, "अक्कार, आम्ही काय करायचं?" तू मान वर न करता म्हणालीस, "तुमचं काम उद्या झालं तर चालेल. हिची गिऱ्हाइकं आज उघडी बसलीत." सगळं दुकान हसलं, ती बाईसुद्धा. मी तेव्हा मनात म्हणत होते, पेटीवर लेबल असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. आज मला फक्त तुझी वाकलेली मान आठवते.

आता शेगडीचं.

प्रसन्नने ती पहिल्या पगारवाढीत आणली. तो तिला बार्बेक्यू म्हणतो. तू पहिल्या दिवशी तिच्याभोवती एक फेरी मारलीस, खाली वाकून चारही पाय हलवून बघितलेस आणि म्हणालीस, "बरी आहे शेगडी." मग ती शेगडीच झाली. तुझ्या बोळात गच्ची नाही, म्हणून ती आमच्याकडे आली. तिच्यावर वांगी भाजायची कल्पना तुझी, आणि भरतात कांदा कच्चा घालायचा की परतून, हा वाद माझा आणि तुझा.

यंदा दिवाळीच्या साफसफाईच्या यादीत एकविसावं काम होतं: शेगडी पुसून ठेवणे. ताडपत्री काढली, तर झाकणाच्या मुठीचे दोन स्क्रू असतात, त्यातला एक नाही. पावसाळ्यात कुठेतरी पडला. मी तुला फोन केला. तो फोन मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"अक्का, मुठीचा एक स्क्रू गेलाय. स्टीलचा. चार दे, जास्तीचे असू देत. मल्लप्पाबरोबर पाठव."

"दुसरा आहे ना जागेवर? तो काढून पाठव. बघून देते."

"एक पडलाय म्हणून दुसराही काढू? मूठच हातात येईल. माप सांगते ना. दोन सूत, एक इंच लांब."

 सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला तुझ्याकडूनच माहीत. तुझ्या दुकानात दिवसभर सुताचीच भाषा.

"दोन सूत? कशाने मोजलंस?"

"पट्टीने."

"पट्टीने वही आखतात, कुमू. बाहेरचा माल मिलिमीटरमध्ये असतो. सहा मिलिमीटर आणि दोन सूत, डोळ्याला सारखे दिसतात. आट्यात फरक असतो."

"अक्का, मोजलंय मी. दोन सूत. लिहून घे."

खरं सांगते. पट्टीवर सहाच्या जरा पुढे काहीतरी दिसलं होतं. सहा मिलिमीटर म्हणता आलं असतं. पण मला तुझ्याशी तुझ्या भाषेत बोलायचं होतं. एवढ्या वर्षांत मलाही काही कळतं, हे दाखवायचं होतं. म्हणून दोन सूत म्हणाले. आणि तू, जिने कुणा कंत्राटदाराला नमुन्याशिवाय एक वॉशर दिला नाही, तू माझ्यासाठी नियम मोडलास.

संध्याकाळी मल्लप्पाने पुडी आणून दिली. दारातच म्हणाला, "सण्ण अक्कार, अक्कारांनी परत विचारलंय. नक्की दोन सूत का?" मी त्याच्यासाठी धाकटी अक्का, सण्ण अक्कार. मी म्हणाले, "नक्की. किती वेळा सांगू?"

स्क्रू दोन-तीन फेरे आत गेला आणि अडला. तिथे थांबायला हवं होतं. माझ्या यादीत त्या दिवशी अजून नऊ कामं होती. मी जोर लावला, मग दोन्ही हातांनी जोर लावला. आत काहीतरी कर्र झालं. मग काढायला गेले तर निघेना. स्क्रूच्या डोक्यावरची फुलीची खाच घासून घासून तिची वाटी झाली. मी पुसलं, ताडपत्री घातली आणि एकविसाव्या कामापुढे लिहिलं: अक्काला सांगणे.

सांगितलं मी. पण कसं सांगितलं! पाडव्याचं जेवण झालं होतं. प्रसन्नचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच आपल्याकडे आले होते. प्रसन्न त्यांना गच्चीवर शेगडी दाखवायला घेऊन गेला आणि मूठ त्याच्या हातात लोंबकळली. सगळे बघायला लागले. आणि मी, अगदी सहज, हसतसुद्धा, म्हणाले, "तुझ्या दुकानाचा माल, अक्का. आता तूच बघ काय करायचं ते."

तुझ्या दुकानाचा माल. नवीन सोयऱ्यांसमोर.

तू चष्मा लावलास. वाकलीस. अडकलेल्या स्क्रूच्या बाहेर राहिलेल्या आट्यांवर नख फिरवलंस. मला वाटलं होतं, तू आता म्हणशील, नमुना मागितला होता, दिला नाहीस. म्हणायला हवं होतंस. मी भांडले असते, आणि सगळं तिथेच संपलं असतं. तू म्हणालीस, "हं. असं होतं कधी कधी. मी बघते. तू आता हात लावू नकोस." मग पर्समधून तुझा तो आखूड स्क्रूड्रायव्हर काढलास, मुठीचा उरलेला, चांगला स्क्रू चार फेऱ्यांत काढलास, आणि पुडीतले राहिलेले तीनही मागून घेतलेस. सगळे खाली आइस्क्रीम खायला गेले. मी वाट्या गोळा करायला मागे राहिले होते. तू कठड्यापाशी उभी राहून, उन्हात, चांगला स्क्रू आणि मी मागवलेला स्क्रू शेजारी शेजारी धरलेस. आटे आट्यांना लावून बघितलेस. ते बसत नव्हते. दहा पावलांवरूनही दिसत होतं की बसत नाहीत.

तू मान वळवलीस. मी बघते आहे, हे तुला दिसलं. मला दिसलं की तुला दिसलं. तू ते दोन्ही रुमालात बांधलेस आणि म्हणालीस, "आइस्क्रीम वितळेल, चल."

त्यानंतर एकोणीस दिवस तू होतीस. मी मोजले आहेत. त्यात आपण अकरा वेळा फोनवर बोललो. फोनमध्ये कॉलची नोंद राहते ना, ती मी बघितली. गॅसचं बुकिंग, प्रसन्नची बदली, तुझी शुगर, माझा गुडघा. एकदा तू म्हणालीस, "स्क्रू मिळालाय बरं का, चंपाषष्ठीच्या आधी येऊन बसवते." मी म्हणाले, "घाई नाही." तेवढ्यात म्हणता आलं असतं, अक्का, चूक माझी होती. चार शब्द. मी दिवसाला वीस कामं यादीवर घेते आणि वीस खोडते. हे एक काम मी यादीवर घेतलंच नाही. यादीत नसलं की राहून जातं, हे मला दुसऱ्यांना सांगायची सवय.

मग त्या सकाळी तू शटर वर केलंस, पायरीवर पाणी मारलंस, स्टुलावर बसलीस. मल्लप्पा चहा घेऊन आला तेव्हा तू तिथेच बसलेली होतीस.

परवा आम्ही दुकान उघडलं. प्रसन्नला काय आहे, किती आहे, ते बघायचं होतं. मी वही आणि तीन रंगांची पेनं घेऊन गेले होते. दोन तासांत कळलं की यादी होणार नाही. मला नट आणि नट यांतला फरकच दिसेना. मल्लप्पा एकेक पेटी न बघता सांगत होता, तिसऱ्या फळीपर्यंत. त्याच्या वर त्यालाही ठाऊक नाही. तिथे फक्त तुझा हात जात होता. प्रसन्न स्टुलावर बसला, उठला, परत बसला. म्हणाला, "मावशी, हे सगळं आईबरोबरच गेलं गं." मल्लप्पा म्हणाला, "तीन फळ्या आहेत की अजून. गडबड माडब्याड्री." घाई करू नका.

गल्ल्याच्या खाली एक बिस्किटांचा जुना डबा होता. मी विचारलं, हे काय? मल्लप्पाने जरा ओशाळून सांगितलं, "ही अक्कारांची शाळा."

तू कधी बोलली नाहीस याबद्दल. तीस वर्षांत तुझ्या हातून जेव्हा जेव्हा चुकीचा माल गेला, तेव्हा परत आलेला तो नग तू या डब्यात ठेवलास. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. फार नाहीत, डबा अर्धाही भरलेला नाही. पण आहेत. "पिठाच्या गिरणीवाले. बोलण्याच्या नादात दिला. चूक माझी." "शाळेचे शिपाई. नख न लावता दिला. चूक माझी." वाईट दिवशी तू हा डबा उघडून वाचायचीस, मल्लप्पा म्हणाला. मला वाटायचं, तुझ्या दुकानातून कधी चुकीचं काही गेलंच नाही. गेलं होतं, आणि ते तू जपून ठेवलं होतंस. आम्ही आमच्या चुका खोडतो, अक्का.

सगळ्यांत वर तीन नवे कोरे स्टीलचे स्क्रू होते, एका दोऱ्यात ओवलेले. चिठ्ठीवर तुझं तिरकं अक्षर: "धारवाड, कुमू. दोन सुती दिला, सहा मिलिमीटरचा लागत होता. नमुना न बघता दिला. चूक माझी."

मी ती प्रसन्नला दाखवली नाही. मला दाखवता आली नाही.

डब्याशेजारी एक पुडी होती, वर लिहिलेलं, "कुमूची शेगडी." आत मुठीचा जुना चांगला स्क्रू, त्याच्या जोडीला तसाच नवा, दोन वॉशर, आणि बाटलीच्या झाकणात बोटभर ग्रीस. पुडीच्या आतल्या बाजूला लिहिलं होतंस, "ग्रीस लावून बसवणे. स्टीलमध्ये स्टील कोरडं घातलं तर धरून बसतं." आयुष्यभरात तू मला लिहून दिलेली ही एकमेव सूचना. यादीबाईला कशी सांगितलेली कळते, हे तुला माहीत होतं.

आता आजचं. वांगी झाली, अकराही. कांदा तुझ्या पद्धतीने, कच्चा. मी हरले असं समज. प्रसन्न दोन भाकरी जेवला, तेराव्यानंतर पहिल्यांदा नीट जेवला. मग मल्लप्पा स्क्रूकडे वळला. झाकण तापलेलं होतंच. त्याने तेलाचे दोन थेंब सोडले, हातोडीने हलक्या टकटक केल्या, करवतीच्या पात्याने डोक्यावर नवी आडवी खाच पाडली, त्यात स्क्रूड्रायव्हर लावला. नाही. निवू दिलं, परत तेल, परत टकटक. तो म्हणाला, जरासा हलला. प्रसन्न म्हणाला, नाही हलला, खाचच वाकली.

"मावशी, ड्रिल आणतो ना," प्रसन्न म्हणाला. "मधून भोक पाडलं की पाच मिनिटांत मोकळं."

"ड्रिलने काय निघेल?"

"चुरा निघेल. पण निघेल."

"नको."

"मग पक्कडीने पिळू?"

"मान मोडेल त्याची," मल्लप्पा म्हणाला.

"नको," मी परत म्हणाले. "मला तो अख्खा हवाय."

श्रीकांत माझ्याकडे बघत राहिले. पस्तीस वर्षांत त्यांनी मला पाच मिनिटांचं काम पुढे ढकलताना पाहिलेलं नाही. "कशाला हवाय अख्खा? कचराच ना तो?"

मग मी सांगितलं. गच्चीवर, कोळसे विझत असताना, तिघांसमोर. पट्टीचं, फोनचं, मल्लप्पाने दारात विचारलेलं, मी जोर लावलेला, पाडव्याला मी जे बोलले ते. तू जे लिहिलंस तेही. प्रसन्न खाली बघत होता. तसाच म्हणाला, "आई त्या दिवशी गाडीत म्हणाली होती, कुमूचं माप चुकलं, पण ती सुतात बोलली बघ." मग मान वर केली. "खूश होती गं ती."

मी विझत आलेले कोळसे सांडशीने एकत्र करत बसले, अक्का. 

मल्लप्पाने उपाय सांगितला आहे. रोज सकाळी दोन कोळसे पेटवून झाकण तापवायचं, निवू द्यायचं, तेल सोडायचं, दहा टकटक, आणि फक्त मनगटाने फिरवून बघायचं. दंड वापरायचा नाही. किती दिवस लागतील? तो म्हणाला, ते स्क्रूला विचारा. त्याने बुधली माझ्याकडे ठेवली आहे. प्रसन्न सोमवारी जाईल, दुकानाचं काय ते जाण्याआधी ठरवू म्हणतो. तोवर मल्लप्पा तीन फळ्यांपुरतं उघडणार आहे.

तुझा डबा माझ्या टेबलावर आहे. मी पुठ्ठ्याची एक चिठ्ठी कापली, दोरा ओवला, आणि तुझ्यासारखंच लिहायचा प्रयत्न केला: "धारवाड. दोन सूत मी सांगितलं. नमुना मागितला होता, दिला नाही. चूक कुमूची." ती तुझ्या चिठ्ठीशेजारी ठेवायची आहे. पण नगाशिवाय नुसती चिठ्ठी तुझ्या डब्यात चालायची नाही, हे मला कळतं. चिठ्ठी म्हणजे शेवटी यादीच. त्यासाठी तो स्क्रू हवा, अख्खा, माझ्या हाताने काढलेला. आत्ता संध्याकाळी परत जाऊन बघितलं. तेल सोडलं, दहा टकटक केल्या, मनगटाने फिरवलं.

निघालेला नाही. दोरा चिठ्ठीला बांधून ठेवला आहे, दुसरं टोक मोकळं आहे.